कागदाच्या तळाशी असलेला शब्द

मी पुण्यात खराडीला बसून इंग्लंडमधल्या लोकांच्या आजारपणाबद्दल निर्णय देते. मी डॉक्टर नाही. विम्याचे क्लेम तपासते. तिकडे नाटकाचं, क्रिकेटच्या सामन्याचं किंवा गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट काढताना थोडे जास्त पैसे भरून त्या तिकिटाचाही विमा उतरवता येतो. ऐनवेळी आजारपण आलं आणि जाता आलं नाही, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. मात्र आपण आजारी होतो हे दाखवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा डॉक्टरच्या कागदानं. हे कागद माझ्या स्क्रीनवर येतात. दुपारी सुरू होऊन रात्री संपणाऱ्या शिफ्टमध्ये मी फाइलमागून फाइल उघडते, आणि प्रत्येक फाइलपुढे प्रश्न तोच असतो: हा माणूस त्या दिवशी खरंच आजारी होता का?

रक्कम बहुधा मोठी नसते. प्रश्न मात्र मोठा आहे. दुसऱ्याच्या शरीरात काय चाललं होतं, हे मला कसं कळावं? त्याच्या दुखण्याचा पुरावा मागण्याचा माझा अधिकार कुठपर्यंत पोचतो? मला हा प्रश्न धर्माचा वाटतो. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं आणि न ठेवणं या दोन्ही आपण केलेल्या कृती आहेत. त्यांचं फळ दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागतं, म्हणून त्यांची जबाबदारीही आपल्यावर येते.

असा विचार करायची सवय मला आजोबांनी लावली. आईचे वडील, राहणार वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, तिथेच बऱ्याच वर्षांनी आजोबाही शिकले. मे महिन्याच्या सुटीत ते आम्हा नातवंडांना अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायदर्शनाचा ग्रंथ समजावून सांगायचे. ज्ञान चार वाटांनी येतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पहिल्या तीन आम्हाला पटायच्या. चौथीपाशी मी अडायचे. कुणी सांगितलं म्हणून ते खरं कसं मानायचं? आजोबा म्हणायचे, "तुझा जन्म साताऱ्यात झाला हे तुला कसं ठाऊक? आईनं सांगितलं म्हणूनच ना? अगं, आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बहुतेक असंच कुणाकडून तरी आलेलं असतं. तेव्हा ऐकायचं की नाही हा प्रश्नच नाही. कुणाचं ऐकायचं, हे बघायचं."

न्यायदर्शन म्हणतं, आप्ताचं ऐकावं. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं इथे फार मोठ्या मनानं एक गोष्ट जोडली आहे: आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस सांगतो की शब्दाचं वजन बोलणाऱ्याच्या कुळावर किंवा पदावर ठरत नाही. त्याला गोष्ट ठाऊक आहे का आणि तो सरळ बोलतो आहे का, एवढ्यावर ते ठरतं.

माझ्या कामाला हे लक्षण लावून पाहिलं की अडचण स्वच्छ दिसते. आजारपण प्रत्यक्ष जाणणारा एकच माणूस असतो, आजारी माणूस. पण पैसे त्यालाच मिळणार असतात, म्हणून त्याच्या सरळपणाबद्दल शंका घेतली जाते. डॉक्टरला त्या पैशांत काही वाटा नसतो, म्हणून त्याच्या सरळपणाबद्दल शंका नसते. पण ते दुखणं त्याच्या शरीरात झालेलं नसतं. आप्त होण्याच्या दोन अटी इथे दोन माणसांत वाटल्या गेल्या आहेत. वैद्यकीय कागद म्हणजे या दोघांना एका पानावर आणण्याचा प्रयत्न.

पुरेसा ठरेल असा कागद कसा असतो, तेही सांगते. डॉक्टरच्या लेटरहेडवर लिहिलेला, त्यावर डॉक्टरचं नाव आणि तिथल्या जनरल मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक. रुग्णाला कोणत्या तारखेला तपासलं, काय आढळलं, आणि या आजारामुळे अमुक तारखेच्या कार्यक्रमाला जाणं त्याला शक्य नव्हतं असं स्पष्ट वाक्य. खाली सही. हॉस्पिटलात दाखल केलेलं असेल तर घरी सोडताना देतात तो डिस्चार्जचा कागद सहसा पुरतो. हाड मोडलं असेल, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असेल, तर अशी फाइल वाचायला फार वेळ लागत नाही. शरीरानंच साक्ष दिलेली असते.

पण बहुतेक आजारपणं अशी साक्ष देत नाहीत. अर्धशिशीचंच घ्या. ओळख पटेल असा तपशील न देता एका फाइलबद्दल सांगते. बाईंनी लंडनच्या एका नाटकाची तिकिटं काढली होती. त्या दिवशी सकाळपासून डोकं फुटायला आलं, उजेड सहन होईना, उलट्या होऊ लागल्या. दोन दिवसांनी त्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरनं प्रामाणिकपणे लिहिलं की रुग्णाच्या सांगण्यानुसार त्यांना त्या दिवशी तीव्र अर्धशिशीचा त्रास झाला, आणि वर्णन त्या आजाराशी जुळतं. हे पत्र सोबत होतं म्हणून क्लेम मंजूर झाला. पत्र नसतं तर झाला नसता. अर्धशिशी झाली होती हे सिद्ध करणारी रक्ताची तपासणी नाही, तसा फोटोही निघत नाही. डॉक्टरनं जे लिहिलं ते त्या बाईंच्याच तोंडून आलेलं होतं. त्यांनी तेच अर्जात लिहिलं तेव्हा पुरावा कमी पडला, आणि डॉक्टरच्या हातून लिहून आलं तेव्हा पुरावा पूर्ण झाला.

हे डॉक्टरचं उणेपण मुळीच नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग ओळखायच्या तीन वाटा दिल्या आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्षासाठी वैद्यानं जीभ सोडून बाकी सगळी इंद्रियं वापरावीत, असं तिथे म्हटलं आहे. मग रुग्णाच्या तोंडाला कसली चव आहे हे कळायचं कसं? त्याला विचारून. एवढ्या बारकाव्यानं निदानाची पद्धत बसवणाऱ्या ग्रंथानंही या ठिकाणी रुग्णाच्या शब्दाखेरीज दुसरी वाट दाखवली नाही, कारण ती नव्हतीच. आजही नाही.

म्हणजे कागदाखाली कागद शोधत गेलं तर शेवटी कुणाच्या तरी शब्दावर येऊन थांबावं लागतं. आपल्याकडे या विषयावर शेकडो वर्षं वाद झाला आहे. वाद पेटला तो वेदांच्या प्रामाण्यावरून. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, म्हणणं, ज्ञान खरं आहे हे बाहेरून पडताळावं लागतं. लांबून पाणी दिसलं; ते पाणी होतं हे तहान भागल्यावर पक्कं झालं. वेद प्रमाण, कारण त्यांचा कर्ता ईश्वर आप्त आहे. मीमांसकांना हे मान्य नव्हतं. वेदाला कर्ताच नाही असं मानणाऱ्यांना कर्त्याच्या सचोटीचा आधार घेता येत नव्हता. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टानं श्लोकवार्तिकात मांडलं की ज्ञान उत्पन्न होतं तेच प्रमाण म्हणून. ते बाजूला सारायला दोनच कारणं चालतात: एक, त्याच्या विरुद्ध जाणारं ज्ञान समोर आलं, दोन, ते ज्या साधनातून आलं त्या साधनातच दोष आढळला. यांपैकी काही नसेल तर नुसतं 'कशावरून?' असं विचारणं हे संशयाचं कारण होऊ शकत नाही. कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा आधार हवा म्हटलं, तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागणार, आणि ही माळ कुठेच संपणार नाही.

वेदांविषयी कुमारिलाचं म्हणणं कुणी मानो न मानो, माणसाच्या शब्दाविषयी ते मला खरं वाटतं. कुमारिल आणखी एक गोष्ट सांगतो. पहिल्या ज्ञानाला दुसऱ्यानं बाध आणला आणि दुसऱ्यातही दोष दिसला, तर तिसऱ्यानं निकाल लागतो. तीन-चार ज्ञानांच्या पुढे जाण्याचं कारण उरत नाही. ज्या माणसाची फाइल 'आणखी एक कागद पाठवा' म्हणत महिनोन्‌महिने पेंडिंग राहते, त्याला हे वचन किती मोलाचं आहे ते विचारा. शोध कुठे थांबवायचा, हे ठरवणं हासुद्धा न्यायाचाच भाग आहे.

गंमत वाटावी अशी नव्हे, पण विचारात पाडणारी गोष्ट अशी की ब्रिटनमध्ये पडताळा मागणारा आणि शब्द मानणारा हे दोन्ही पंथ शेजारी शेजारी नांदतात. तिथे नोकरदार आजारी पडला तर पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा कागद लागत नाही. मी आजारी होतो, असं त्यानं स्वतः लिहून दिलं की पुरतं. सातव्या दिवसानंतर मात्र फिट नोट, म्हणजे वैद्यकीय दाखला, लागते, आणि २०२२ पासून ती डॉक्टरखेरीज नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट यांनाही देता येते. अख्ख्या देशातल्या आजारपणाच्या रजांचा कारभार या सात दिवसांच्या विश्वासावर चालतो. तिथे माणसाचा शब्द बाध येईपर्यंत प्रमाण मानला जातो. तोच माणूस एका संध्याकाळच्या तिकिटाचे पैसे मागतो, तेव्हा पहिल्याच दिवसासाठी त्याला डॉक्टरचं पत्र मागितलं जातं.

यातून जी कोंडी होते ती मी पुन्हा पुन्हा पाहते. नोरोव्हायरसनं उलट्या-जुलाब लागले, तर दवाखान्यात येऊ नका, घरीच राहा, थांबल्यावरही ४८ तास लोकांत मिसळू नका, असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला असतो, कारण हा आजार झपाट्यानं पसरतो. जो हा सल्ला पाळतो त्याच्याकडे डॉक्टरचा कागद नसतो. जो पाळत नाही, दवाखान्यात जाऊन बसतो, त्याला कदाचित मिळतो. शिवाय असं पत्र देणं हे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या कामात मोडत नाही. डॉक्टर त्याची वेगळी फी घेऊ शकतो, किंवा देत नाही असंही म्हणू शकतो. तिकिटाच्या किमतीतला एक तुकडा पत्रापायीच जातो. शेजाऱ्याला आपला आजार होऊ नये म्हणून घरी थांबलेल्या माणसाला आपण त्याच चांगुलपणाची शिक्षा देतो, हे मला अधर्माचं वाटतं. हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

मग कागद मागूच नये का? तसंही मला म्हणता येत नाही. विम्याचा पैसा कंपनीचा आहे असं लोकांना वाटतं. तो मुळात हप्ता भरणाऱ्या सगळ्यांचा असतो. मँचेस्टरच्या कुणी खोटा ताप सांगून पैसे उचलले, तर ते ब्रिस्टलच्या कुणाच्या तरी हप्त्यातून जातात. खोटं पकडणं ही खऱ्या आजाऱ्यांचीच सेवा आहे. आणि डॉक्टरचं पत्र रुग्णाच्याच शब्दावर उभं असलं, तरी डॉक्टर त्या शब्दात स्वतःचंही काही घालतो. त्यानं अशी वर्णनं पुष्कळ ऐकलेली असतात, विसंगती त्याच्या कानाला खटकते, तारीख त्याच्या नोंदीत पडते, आणि सही करताना जे लिहिलं ते खरं असल्याची वाजवी खातरजमा करणं त्याच्या नियामक संस्थेनं त्याच्यावर बंधनकारक केलेलं असतं. तो रुग्णाचा शब्द पारखून पुढे देतो. या पारखीचा मला आदर आहे.

वाईला आमचे डॉक्टरकाका होते. त्यांच्या सर्टिफिकेटात नेहमी दोन वाक्यं वेगळी असायची: रुग्णानं सांगितलं ते, आणि तपासणीत आढळलं ते. माझ्या मामेभावाला एकदा परीक्षा चुकवल्याबद्दल मागच्या तारखेचं सर्टिफिकेट हवं होतं. काका म्हणाले, "तू आज आलास, तर आजची तारीख घालीन. त्या दिवशी पोट दुखत होतं असं तू सांगितलंस, एवढं लिहीन. मी पाहिलं असं लिहिणार नाही." आपल्या देशात २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनं डॉक्टरला त्यानं दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची वही ठेवायला, सर्टिफिकेटावर रुग्णाची सही किंवा अंगठा आणि शरीरावरची एखादी खूण नोंदवायला सांगितलं आहे, खोट्या सर्टिफिकेटावर सही केली तर नोंदणीतून नाव जाऊ शकतं. काका ती वही ठेवायचे. त्यांच्यासारख्या माणसांमुळेच डॉक्टरच्या सहीला किंमत आहे. ओळखीखातर दिलेलं प्रत्येक खोटं सर्टिफिकेट ती किंमत खाली आणतं, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या खऱ्या रुग्णाला पडतो.

विश्वासाचं बंधन दोन्ही बाजूंना आहे, हे विम्याच्या कायद्यानंही फार आधी ओळखलं होतं. सुमात्रातल्या बेंकुलेनच्या मार्लबरो किल्ल्याचा विमा तिथल्या गव्हर्नर कार्टरसाठी लंडनला उतरवला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला किती दुबळा आहे हे मला सांगितलं नव्हतं. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डनं या खटल्यात सांगितलं की विमा सद्भावावर उभा असतो, आणि एकाला ठाऊक असलेली गोष्ट त्यानं दुसऱ्यापासून दडवू नये. हे तत्त्व पुढे अडीचशे वर्षं ग्राहकाविरुद्ध वापरलं गेलं. पण त्या खटल्यात निकाल कार्टरच्या बाजूनं लागला होता. जे विचारून कळण्यासारखं होतं ते विमा देणाऱ्यानं विचारलं नाही, आणि आता तो मागे सरू पाहतो, हे मॅन्सफिल्डला मान्य झालं नाही.

दुसरा निकाल मला याहून जवळचा वाटतो. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका मालवाहू जहाजाचं प्रकरण आलं. इंजिनखोलीत पाणी शिरून नुकसान झालं होतं. नुकसान खरं, हक्कही खरा. पण मालकांनी आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून धोक्याच्या घंटेबद्दल एक खोटी गोष्ट सांगितली. त्या खोट्याची गरजच नव्हती. न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ठरवलं की खऱ्या दाव्याला जोडलेल्या, पण हक्कावर काहीच परिणाम न करणाऱ्या खोट्यामुळे सगळा दावा बुडवता येणार नाही. फुगवलेल्या किंवा रचलेल्या दाव्यांना ही सूट नाही.

मी हे वाचलं तेव्हा कितीतरी अर्ज आठवले. खरोखर आजारी पडलेला माणूस घाबरून एखादं वाक्य वाढवतो. डॉक्टरशी बोललेला नसतो, तरी 'फोनवर बोललो' लिहितो. साधा ताप असतो, त्याला 'फार तीव्र' म्हणतो. आपलं खरं पुरणार नाही, ही भीती त्याच्याकडून हे करवते. पुराव्याची मागणी वाजवीपेक्षा कडक झाली की ती खोटं रोखत नाही. उलट भल्या माणसाला खोट्याकडे ढकलते. दुसऱ्याच्या सत्याला मोह घालणं हेही पाप आहे, आणि ते टेबलाच्या आमच्या बाजूनं घडतं.

म्हणून मी स्वतःसाठी एक रीत ठरवली आहे, आणि टीममधल्या नव्या मुलामुलींनाही तीच सांगते. आजार स्वाभाविकपणे जो माग ठेवतो, तोच मागावा. हाड मोडलं तर एक्स-रे मागा. उलट्या झाल्या तर डॉक्टरच्या पत्रावर अडून बसू नका; आरोग्यसेवेच्या १११ क्रमांकावर केलेला फोन, औषधाच्या दुकानाची पावती, ऑफिसला पाठवलेला 'आज येत नाही' असा निरोप, हे चालतं का ते पॉलिसीच्या चौकटीत आधी पाहा. त्याच दिवशी, पैशांचा विचार डोक्यात येण्याआधी, दुसऱ्याच कारणासाठी बोललेला शब्द हा नंतर मागून घेतलेल्या पत्राइतकाच बोलका असतो. दिवाणी न्यायात तरी निर्विवाद सिद्धता कुठे मागतात? घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच पाहतात. क्लेम तत्परतेनं आणि न्यायानं हाताळा, अवाजवी कारणानं नाकारू नका, असं तिथल्या वित्तीय नियामकानंही विमा कंपन्यांना बजावलेलं आहे.

आणि जे तिकिटाचा विमा घेतात त्यांनाही माझं सांगणं आहे. आजारी पडलात तर त्याच दिवशी कुणाला तरी कळवा, आणि ते लिहून राहील असं कळवा. डॉक्टरकडे गेलात तर तारीख, आढळलेलं आणि जाणं शक्य नव्हतं हे तिन्ही लिहून मागा. तुमच्या आरोग्याच्या नोंदींची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ब्रिटनमध्ये ती साधारण एका महिन्यात आणि विनाशुल्क मिळायला हवी. डॉक्टरनं जे पाहिलं नाही ते लिहायचा आग्रह त्यांना करू नका. एक वाक्यही वाढवू नका. तुमचं खरं जेवढं आहे तेवढंच सांगा, ते कमी वाटलं तरी.

उरलेलं काम माझं आहे. कागदाच्या तळाशी शेवटी एका माणसाचा शब्दच असणार असेल, तर तो शब्द फेटाळताना कारण द्यायची जबाबदारी फेटाळणाऱ्याची. कुमारिलानं दोनच कारणं मान्य केली आहेत: विरुद्ध जाणारी माहिती, किंवा साधनातला दोष. तारीख खोडून बदललेली असेल, त्या वेळी माणूस दुसरीकडे हजर असल्याचं दिसत असेल, तर मी नाही म्हणते आणि का ते लिहिते. असं काही सापडलं नाही, आणि माझ्याकडे 'कशावरून?' एवढाच प्रश्न उरला, तर तो प्रश्न नकाराचं कारण होऊ शकत नाही. अशा वेळी मी 'मंजूर करावं' असा शेरा सकारण लिहून फाइल वर पाठवते, आणि कुणी विचारलं तर त्याचं उत्तर द्यायला मी उभी राहते.